एका वर्षात दोन लाख मुले कच्ची झाली नव्हती

२०१८ मध्ये महाराष्ट्रात दहावीला बसलेल्या १६ लाख २८ हजार ६१३ नियमित विद्यार्थ्यांपैकी १४ लाख ५६ हजार २०३ उत्तीर्ण झाले आणि निकाल ८९.४१ टक्के लागला. पुढच्या वर्षी परीक्षेला बसणारे जेमतेम दहा हजारांनी कमी झाले, पण उत्तीर्ण होणारे तब्बल २ लाख ८ हजार ३०० ने घटले. निकाल ७७.१० टक्क्यांवर आला. २०२० मध्ये तोच निकाल ९५.३० टक्क्यांवर चढला. पाठोपाठच्या या तीन तुकड्या त्याच शाळांतल्या, त्याच शिक्षकांच्या हाताखालच्या, कित्येकदा एकाच घरातल्या भावंडांच्या. मधल्या भावाचे डोके एकाएकी चालेनासे झाले आणि धाकट्या बहिणीचे अचानक तल्लख झाले, असे कोणी म्हणणार नाही. तरी २०१९ च्या जूनमध्ये राज्यभर गुणवत्ता ढासळल्याची चर्चा झाली आणि वर्षभराने विक्रमी निकालाचे मथळे छापले गेले. दोन्ही वेळी आपण परीक्षेच्या आकड्यावरून मुलांच्या शिकण्याबद्दल निष्कर्ष काढला आणि दोन्ही वेळी तो चुकीचा होता. गुणांच्या अनेक वर्षांच्या चढउताराकडे पाहण्याची आपली रीतच सदोष आहे आणि तिची किंमत मुले मोजतात, असे माझे म्हणणे आहे.

२०१९ मध्ये बदलले काय, हे गुपित नव्हते. भाषा आणि सामाजिक शास्त्रे या विषयांतले २० गुणांचे अंतर्गत मूल्यमापन त्या वर्षी बंद झाले आणि ८० गुणांऐवजी पूर्ण १०० गुणांची लेखी परीक्षा आली. अभ्यासक्रम नवा होता, पाठ्यपुस्तके नवी होती, भाषांच्या कृतिपत्रिकांचा आराखडाही नवा होता. या एका बदलाचा हिशेब कागदावर मांडून पाहू. सवलतीचे इतर नियम क्षणभर बाजूला ठेवू. उत्तीर्ण व्हायला ३५ गुण हवेत. शाळेने तोंडी परीक्षेचे २० पैकी १८ गुण दिले, तर मुलाला लेखी परीक्षेत ८० पैकी १७ गुण पुरतात. म्हणजे लेखी उत्तरपत्रिकेत २१ टक्क्यांच्या आसपास गुण मिळवणारा मुलगा उत्तीर्ण. अंतर्गत गुण काढून घेतले की त्याच मुलाला १०० पैकी ३५ मिळवावे लागतात. त्याच्या मराठीत तसूभर फरक पडलेला नाही, त्याने तेवढेच धडे वाचले आहेत, तेवढीच उत्तरे लिहिली आहेत, पण तो नापास आहे. २१ आणि ३५ टक्क्यांच्या मधल्या त्या पट्ट्यात जी मुले उभी होती, ती सगळी एका निर्णयाने रेषेच्या अलीकडे आली. टीका झाली, समिती बसली, अंतर्गत गुण परत आले आणि पुढच्या वर्षी तशीच मुले पुन्हा रेषेच्या पलीकडे गेली.

पुढची वर्षे तर याहून वेगळी. २०२० मध्ये टाळेबंदीमुळे भूगोलाचा पेपर रद्द झाला आणि त्याचे गुण इतर विषयांच्या सरासरीवरून दिले गेले. २०२१ मध्ये परीक्षाच झाली नाही. नववीचे गुण आणि शाळेतले मूल्यमापन धरून निकाल ९९.९५ टक्के लागला. २०२२ मध्ये परीक्षा झाली, पण २५ टक्के कमी अभ्यासक्रमावर, जादा वेळ देऊन आणि आपापल्या शाळेच्या केंद्रावर, निकाल ९६.९४ टक्के. २०२३ मध्ये अभ्यासक्रम पूर्ववत झाला आणि निकाल ९३.८३ वर आला. २०२४ मध्ये ९५.८१, २०२५ मध्ये ९४.१०. हे आकडे एका आलेखावर ठिपके म्हणून मांडले आणि रेघेने जोडले, की डोळ्यांना एक गोष्ट दिसू लागते: आधी घसरण, मग भरारी, मग स्थिरता. प्रत्यक्षात ते सहा-सात वेगवेगळ्या परीक्षांचे आकडे आहेत. एका वर्षी फुटपट्टीने, दुसऱ्या वर्षी वितीने आणि तिसऱ्या वर्षी नुसत्या नजरेने मोजलेली उंची एका कागदावर लिहून मूल किती वाढले ते आपण ठरवतो आहोत.

यात बोर्डाला दोष देण्याचा माझा हेतू नाही. दहावीच्या परीक्षेचे काम वेगळे आहे. त्या वर्षीच्या मुलाने त्या वर्षीचा अभ्यासक्रम पुरा केला का, आणि अकरावीच्या प्रवेशासाठी त्याला कोणत्या क्रमाने उभे करायचे, एवढे तिला ठरवायचे असते. म्हणून प्रश्नपत्रिका दरवर्षी नवी निघते आणि पेपर सुटल्याबरोबर ती प्रत्येकाच्या हातात असते. काठिण्य थोडे वरखाली झाले तरी त्या वर्षीच्या सगळ्या मुलांसाठी ते सारखेच असते, त्यामुळे आपसातला क्रम फारसा बिघडत नाही. दोन वेगळ्या वर्षांतली मुले ताडून पाहायची असतील, तर काही प्रश्न गुप्त ठेवून वर्षानुवर्षे तसेच्या तसे विचारावे लागतात, म्हणजे त्या सामाईक प्रश्नांच्या आधारे नव्या पेपरचे काठिण्य जुन्याशी जुळवता येते. जी प्रश्नपत्रिका परीक्षेच्या संध्याकाळी क्लासच्या फळ्यावर सोडवली जाते, तिच्यात असे प्रश्न असूच शकत नाहीत. प्रवेशासाठी बनवलेल्या परीक्षेकडून राज्याच्या शैक्षणिक प्रकृतीचे निदान मागणे ही मागणाऱ्याची चूक आहे.

कोणी म्हणेल, २०१९ सारखे मोठे बदल तर सगळ्यांना दिसतात. ती दोन-चार वर्षे वगळली की बाकीची रेघ वापरता येईल. इथे अमेरिकेतला एक जुना अनुभव उपयोगी पडतो. तिथे १९६९ पासून एक राष्ट्रीय मूल्यमापन चालते, ‘नेप’ या नावाने. मुलांच्या छोट्या नमुन्याला चाचणी द्यायची, कोणा मुलाचा किंवा शाळेचा निकाल लावायचा नाही आणि फक्त देशाची वाटचाल मोजायची, हा त्याचा उद्देश. १९८६ च्या वाचन चाचणीत नऊ आणि सतरा वर्षांच्या मुलांचे गुण इतके घसरलेले दिसले, की दोन वर्षांत खरोखर असे घडले असेल यावर तज्ज्ञांचाच विश्वास बसेना. ते आकडे मथळ्यांसाठी सोडून न देता अल्बर्ट बीटन आणि रिबेका झ्विक यांच्यासारख्या संख्याशास्त्रज्ञांनी तपास केला. प्रश्न बहुतांशी तेच होते. बदलले होते ते त्यांचे शेजार: वाचनाचे प्रश्न पुस्तिकेत कोणत्या जागी येतात, त्यांच्या आगेमागे कोणत्या विषयाचे प्रश्न आहेत, वेळ कसा वाटून दिला आहे. ज्या बदलांकडे एरवी कोणी ढुंकून पाहिले नसते, त्यांनी देशाच्या वाचनक्षमतेत खोटी घसरण उभी केली. बदल मोजायचा असेल तर मोजमापाला हात लावू नका, हा धडा त्या क्षेत्रातल्या लोकांनी त्यानंतर मनावर कोरून ठेवला. मोजण्यासाठीच बनवलेल्या चाचणीची ही गत, तर आराखडा, गुणविभागणी, सवलती आणि वेळ सतत बदलत राहणाऱ्या दहावीच्या रेघेवर किती भार टाकावा याचा विचार झाला पाहिजे.

मोजपट्टी अगदी तीच ठेवली तरी दुसरा प्रश्न उरतोच: मोजले कोणाला? याचे गाजलेले उदाहरणही तिथलेच. महाविद्यालयीन प्रवेशासाठीच्या ‘सॅट’ परीक्षेत भाषेची सरासरी १९६३ मध्ये ४७८ होती, ती १९८० पर्यंत ४२४ वर आली; गणिताची ५०२ वरून ४६६ वर. देशभर खळबळ उडाली. दूरचित्रवाणीपासून ढिसाळ शिस्तीपर्यंत प्रत्येकाला आपापला गुन्हेगार सापडला. विलर्ड विर्ट्झ यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली गेली आणि तिचा अहवाल १९७७ मध्ये आला. समितीने पहिल्यांदा विचारले, ही परीक्षा देतो कोण? साठच्या दशकात महाविद्यालयांची दारे गरीब घरांतल्या, कृष्णवर्णीय, आजवर तिकडे न फिरकलेल्या मुलामुलींसाठी उघडत होती. परीक्षार्थींचा घोळका वाढत होता आणि बदलत होता. १९७० पर्यंतच्या घसरणीचा दोन तृतीयांश ते तीन चतुर्थांश भाग याच बदलाने समजावता येतो, असे समितीला आढळले. म्हणजे शाळा बिघडल्याचे लक्षण म्हणून जे दाखवले जात होते, त्याचा मोठा हिस्सा महाविद्यालयाचे दार रुंद झाल्याचा परिणाम होता. पण अहवालाचा दुसरा अर्धा भाग मला तितकाच महत्त्वाचा वाटतो. १९७० नंतर परीक्षार्थींचे मिश्रण तुलनेने स्थिरावले होते, तरी गुण घसरतच होते, आणि त्या काळातल्या घसरणीचा जेमतेम पाव हिस्सा मिश्रणाने समजावता येत होता. उरलेल्या घसरणीसाठी कारणे दुसरीकडे शोधायला हवीत, हे समितीने झाकले नाही.

मिश्रण बदलले की सरासरी कशी फसवते, हे दोन तुकड्यांच्या हिशेबात चटकन कळते. शंभर मुलांची एक इयत्ता धरा. ‘अ’ तुकडीत ८० मुले, सरासरी ७०. ‘ब’ तुकडीत २० मुले, सरासरी ५०. इयत्तेची सरासरी ६६. काही वर्षांनी ‘अ’ मध्ये ५० मुले आहेत आणि त्यांची सरासरी ७२ झाली आहे; ‘ब’ मध्येही ५० आहेत आणि त्यांची सरासरी ५८ वर गेली आहे. दोन्ही तुकड्या सुधारल्या, ‘ब’ तर चांगली आठ गुणांनी. इयत्तेची सरासरी मात्र ६५, एकाने कमी. ही नुसती कागदावरची करामत नाही. नेपच्या दीर्घकालीन वाचन चाचणीत अमेरिकेतल्या सतरा वर्षांच्या मुलांची सरासरी १९७१ मध्ये २८५ होती आणि २०१२ मध्ये २८७. एक्केचाळीस वर्षांत दोन गुण. हा आकडा दाखवून तिथली शाळा ठप्प झाली आहे असे वर्षानुवर्षे सांगितले गेले. त्याच काळात गोऱ्या मुलांचे गुण २९१ वरून २९५ वर, कृष्णवर्णीय मुलांचे २३९ वरून २६९ वर आणि १९७५ पासून मोजता हिस्पॅनिक मुलांचे २५२ वरून २७४ वर गेले होते. कृष्णवर्णीय मुलांची तीस गुणांची झेप त्या सपाट रेघेत पार बुडून गेली. ज्या पिढ्यांनी आणि ज्या शिक्षकांनी ती मारली, त्यांना तिचे श्रेय देशाच्या सरासरीने कधी दिले नाही.

आपल्याकडे हे मिश्रण दोन्ही दिशांनी हलते. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि जी मुले पूर्वी पाचवी-सातवीतच गळत असत, त्यांतली पुष्कळ पुढच्या वर्गांत टिकू लागली. त्यांच्यामुळे सरासरी खाली आली तर ते शिक्षणाचे अपयश कसे म्हणायचे? उलट बाजूला १७ नंबरचा फॉर्म आहे, म्हणजे खासगी विद्यार्थी म्हणून बाहेरून दहावीला बसण्याचा अर्ज. शाळेबाहेरच्या, पुन्हा शिकू पाहणाऱ्या मुलामाणसांसाठी ती फार चांगली सोय आहे. पण शंभर टक्के निकालाच्या हव्यासापायी नववीतल्या कच्च्या मुलाच्या पालकांना बोलावून ‘याला बाहेरून बसवा’ असे सुचवले जाते, हेही शिक्षणक्षेत्रातल्या कोणाला नवे नाही. बोर्डाचा जो टक्का मथळ्यात येतो तो नियमित विद्यार्थ्यांचा. खासगी विद्यार्थ्यांचा निकाल वेगळा लावला जातो. असे एक मूल पटावरून उतरले की शाळेचा निकाल वाढतो, त्या मुलाला कोणी काही जास्तीचे शिकवलेले नसते.

मग आपल्याकडे विश्वासाने वाचता येईल असे काहीच नाही का? आहे. ‘प्रथम’ संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून चालणारे ‘असर’ सर्वेक्षण पाहा. स्वयंसेवक शाळेत न जाता गावातल्या घरी जातात, म्हणून सरकारी शाळेतले, खासगी शाळेतले आणि शाळेत न जाणारे मूलही सापडते. ओसरीवर बसलेल्या मुलापुढे एक कागद ठेवला जातो. त्यावर सुटी अक्षरे, सोपे शब्द, पहिलीच्या पातळीचा छोटा उतारा आणि दुसरीच्या पातळीची एक लहानशी गोष्ट असते. आधी उतारा वाचायला सांगतात. जमला तर गोष्ट, नाही जमला तर शब्द, तेही अडले तर अक्षरे. मूल पाचवीत असो की आठवीत, कागद तोच. सगळी कसोटी एवढीच. ती खेड्यापुरती आहे आणि फक्त पायाभूत वाचन व गणित पाहते, ही तिची मर्यादा. पण तिचा आराखडा जागचा हललेला नाही, आणि म्हणून तिची रेघ बोलते.

ती काय बोलते, तेही नीट ऐकावे लागते. पाचवीतल्या किती मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येतो, याचे देशभरातले ग्रामीण प्रमाण २०१० मध्ये ५३.७ टक्के होते, ते २०१२ मध्ये ४६.८ झाले. फक्त सरकारी शाळांत पाहिले तर ५०.७ वरून ४१.७, म्हणजे घसरण आणखी तीव्र. त्या काळात खासगी शाळांकडे ओढा वाढत होता. २००६ मध्ये खेड्यांतली १८.७ टक्के मुले खासगी शाळांत होती, २०१४ मध्ये ३०.८ टक्के. ज्यांना फी परवडते त्या घरांतली मुले सरकारी शाळेतून उठून गेली, तर मागे राहिलेल्यांची सरासरी आपसूक खाली येते. सरकारी शाळांच्या नऊ गुणांच्या घसरणीतला काही भाग असा असणार. पण सगळी मुले एकत्र धरली की कोणी इकडून तिकडे गेल्याने काही बदलत नाही, आणि ती एकत्रित सरासरीही जवळपास सात गुणांनी उतरली होती. तेव्हा ती घसरण खरी होती. मिश्रणाचा प्रश्न विचारल्यावर दर वेळी वाईट बातमी खोटी ठरते असे नाही. कधी ती पक्की होते, आणि मग सबब उरत नाही.

महासाथीनंतरचे आकडे याहून बारकाईने वाचावे लागतात. एकत्रित प्रमाण २०१८ मध्ये ५०.५, २०२२ मध्ये ४२.८, २०२४ मध्ये ४८.८. सरकारी शाळांत अनुक्रमे ४४.२, ३८.५ आणि ४४.८. म्हणजे सरकारी शाळांनी २०१८ ची पातळी ओलांडली आहे आणि सगळी मुले मिळून अजून त्या पातळीच्या खाली आहेत. दोन्ही विधाने खरी आहेत. एखादा मंत्री पहिले सांगेल, विरोधक दुसरे सांगतील आणि वाचकाला वाटेल कोणीतरी खोटे बोलते आहे. मधल्या काळात घरांची कमाई बुडाली, छोट्या खासगी शाळा बंद पडल्या आणि सरकारी शाळांतल्या मुलांचे प्रमाण ६५.६ वरून ७२.९ टक्क्यांवर जाऊन पुन्हा ६६.८ वर आले, हे शेजारी ठेवल्याशिवाय या आकड्यांतले काहीही पुरते कळत नाही. तिसरीच्या सरकारी शाळांतल्या मुलांचा आकडा मला सगळ्यांत आशादायक वाटतो. दुसरीचा मजकूर वाचू शकणाऱ्यांचे प्रमाण २०१८ मध्ये २०.९ होते, २०२२ मध्ये १६.३ आणि २०२४ मध्ये २३.४. सरकारी शाळांतल्या मुलांचे प्रमाण २०१८ आणि २०२४ मध्ये जवळपास सारखे आहे, मोजपट्टी तीच आहे, त्यामुळे ही वाढ शिकवण्यातली असण्याची शक्यता बरीच आहे. अर्थात तिसरीतल्या चौघांपैकी तिघांहून अधिक मुलांना अजूनही ती गोष्ट वाचता येत नाही, हे विसरून चालणार नाही.

‘असर’च्या कागदाला आणखी एक बळ आहे: त्याच्यावर कोणाचे काही अवलंबून नाही. ज्या परीक्षेवर प्रवेश, पगारवाढ किंवा शाळेची अब्रू टांगलेली असते, तिचे गुण शिकणे न वाढताही वाढू शकतात. १९८७ मध्ये वेस्ट व्हर्जिनियातले एक डॉक्टर, जॉन कॅनेल, यांनी दाखवून दिले की अमेरिकेतली पन्नासच्या पन्नास राज्ये आपली प्राथमिक शाळेतली मुले राष्ट्रीय सरासरीच्या वर असल्याचे सांगत होती. सगळेच सरासरीच्या वर असू शकत नाहीत. तुलनेसाठी घेतलेले मानदंड जुने झाले होते आणि शाळा त्या ठरावीक चाचण्यांना सरावल्या होत्या. १९९१ मध्ये डॅनियल कोरेट्झ आणि सहकाऱ्यांनी एका जिल्ह्यातली गोष्ट मांडली. तिथे वापरातली चाचणी बदलून दुसरी आणली, त्या वर्षी तिसरीच्या मुलांचे गणिताचे गुण अर्ध्या शैक्षणिक वर्षाइतके खाली आले. चारेक वर्षांत ते पुन्हा पूर्वीच्या उंचीला पोचले. तेव्हा त्यांनी मुलांना जुनी चाचणी परत देऊन पाहिली, आणि आता त्या जुन्या चाचणीत मुले कमी पडली. मधल्या काळात गणित वाढले नव्हते, नव्या चाचणीची सवय झाली होती. अपेक्षित प्रश्नसंचांवर वाढलेल्या आपल्या मुलांना हे समजावून सांगावे लागणार नाही. एकच आराखडा पाच-सहा वर्षे टिकला की निकाल हळूहळू चढतो आणि आराखडा बदलला की कोसळतो, यामागे हेही एक कारण असते.

माझ्या म्हणण्यावर सगळ्यांत जोरकस आक्षेप अनुभवी शिक्षकांचा असेल. आकडे काहीही म्हणोत, पूर्वीच्या मुलांचे अक्षर, पाढे, व्याकरण आजच्यांपेक्षा चांगले होते, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे, असे ते म्हणतात. तीस वर्षे खडू हातात धरलेल्या माणसाचे निरीक्षण मी हलके लेखत नाही. पण त्यांच्या वर्गातही मिश्रणाचा तोच प्रश्न आहे. पूर्वी त्यांच्यापुढे दहावीत बसलेली मुले ही गाळून उरलेली होती. ऊसतोडीला गेलेली, गुरांमागे गेलेली, लग्न करून दिलेली मुले-मुली तिथे नव्हतीच, म्हणून त्यांचे कच्चे अक्षर आठवणीत नाही. आज तीच मुले, किंवा त्यांची मुले, बाकावर आहेत. शिक्षकाला दिसलेला फरक खरा असू शकतो आणि तरी ‘पूर्वीपेक्षा समाज कमी शिकला’ हा निष्कर्ष चुकीचा असू शकतो. या उलटही तेवढेच खरे. निकाल चढला म्हणून शिक्षकाची काळजी खोटी पडत नाही. ९४ टक्के निकालाच्या वर्षीही अकरावीच्या वर्गात अपूर्णांक अडत असतील, तर त्या शिक्षकावर विश्वास ठेवावा, टक्क्यावर नाही.

देशपातळीवर मोजण्याची सोय सरकारने केली आहे, पण तिथेही आपण मोजपट्टी हलवण्याची सवय सोडलेली नाही. राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण २०१७-१८ मध्ये आणि मग १२ नोव्हेंबर २०२१ रोजी झाले. तिसरी, पाचवी, आठवी आणि दहावी या इयत्तांवर. त्याची जागा घेणारे ‘परख’ सर्वेक्षण ४ डिसेंबर २०२४ रोजी झाले. ७८१ जिल्ह्यांतल्या ७४ हजारांहून अधिक शाळांतली २१ लाखांवर मुले त्यात होती. पण या वेळी इयत्ता होत्या तिसरी, सहावी आणि नववी. नव्या शैक्षणिक धोरणातल्या टप्प्यांशी जुळवण्यासाठी हा बदल केला गेला आणि त्या दृष्टीने तो समजण्यासारखा आहे. पण पाचवीची, आठवीची आणि दहावीची रेघ तिथे तुटली. जुन्या इयत्तांचा एक छोटा नमुना त्याच दिवशी बसवला असता, तर जुने आणि नवे जोडता आले असते. नेपने २००४ मध्ये आपली दीर्घकालीन चाचणी नव्या घाटात आणली, तेव्हा त्या वर्षी जुनी आणि नवी दोन्ही रूपे घेतली आणि दोहोंमधला फरक मोजून घेतला. खर्च थोडा वाढला, पण १९७१ पासूनची साखळी शाबूत राहिली. त्याच अमेरिकेत सतरा वर्षांच्या मुलांची ही चाचणी २०१२ नंतर झालीच नाही. २०२५ मध्ये व्हायची होती, तीही रद्द केली गेली. साखळी जपायला अर्धशतक लागते आणि तोडायला एक आदेश पुरतो.

महाराष्ट्राने दहावीखेरीज स्वतःची एक छोटी, मुकी चाचणी सुरू करावी. मुकी अशासाठी, की तिने कोणत्याही मुलाचे, शाळेचे किंवा शिक्षकाचे नाव उच्चारू नये. दर दोन वर्षांनी, ठरलेल्या महिन्यात, चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या मुलांना मराठी वाचन-लेखन आणि गणिताचे तेच गुप्त प्रश्न द्यावेत. निवड शाळेच्या पटावरून न करता वयावरून करावी, म्हणजे चौदा-पंधरा वर्षांचे मूल १७ नंबरवर असो की शाळेबाहेर, ते मोजले जाईल. निकाल एकाच सरासरीत गुंडाळू नये. सरकारी, अनुदानित आणि विनाअनुदानित शाळा, मुली आणि मुलगे, आदिवासी तालुके आणि शहरे वेगवेगळी दाखवावीत आणि प्रत्येक गटात किती मुले आहेत तेही शेजारी छापावे. मुलांवर आधीच परीक्षांचे ओझे आहे, त्यात आणखी एक कशाला, असा आक्षेप येईल. चाचणी नमुन्यापुरती असल्याने बहुतेक मुलांच्या वाट्याला ती आयुष्यात येणारच नाही, आणि जिचे गुण कोणाला कळत नाहीत तिची कोणी शिकवणी लावत नाही. सरकार गैरसोयीचे आकडे दाबून ठेवेल, ही भीती जास्त खरी आहे. म्हणून प्रश्नपेढी आणि निकालाची तारीख दोन्ही शिक्षण खात्याच्या हाताबाहेर, एखाद्या स्वायत्त संस्थेकडे असाव्यात आणि तारीख आधीच कायद्याने ठरलेली असावी.

हे ठरवायला फार वेळ उरलेला नाही. नव्या शैक्षणिक धोरणानुसार राज्याचा अभ्यासक्रम २०२५ च्या जूनपासून पहिलीत बदलला आहे आणि तो टप्प्याटप्प्याने वर सरकत दहावीपर्यंत पोचेल. त्या वर्षी निकाल पडला तर नवे धोरण फसले म्हणतील, चढला तर यशस्वी झाले म्हणतील, आणि दोन्ही बाजूंकडे पुरावा नसेल. जुन्या अभ्यासक्रमावर शिकणाऱ्या शेवटच्या तुकड्या अजून नववी-दहावीच्या बाकांवर आहेत. ती मुले शाळेतून बाहेर पडण्याआधी त्यांच्यातल्या काही हजारांपुढे एकदा तो गुप्त प्रश्नांचा कागद ठेवला, तर पुढच्या मुलांना ताडून पाहण्यासाठी आपल्या हाती एक पक्की खूण राहील.